मेथी की पालक

बायको रुद्रम्मा देवाघरी गेली तेव्हा हणमंतप्पांना चहासुद्धा धड करता येत नव्हता. भूमच्या पेठेत त्यांनी उभा जन्म कापडाचं दुकान चालवलं. कापड मोजताना हात कधी चुकला नाही, पण आमटीत पाणी किती घालावं हे काही त्यांना उमगेना. दुकान आधीच पुतण्याच्या हवाली केलं होतं. सकाळी लिंगपूजा, कपाळाला भस्म, मग दारात खुर्ची टाकून बसायचं. दिवस काय तो एवढाच. शेजारच्या उमादेवी दोन्ही वेळच्या भाकरी आणून द्यायच्या. कोरड्यासाचं, म्हणजे भाकरीबरोबरच्या भाजी-आमटीचं, तेवढं त्यांनीच बघायचं होतं, आणि ते बघत नसत. दूध-भाकरी, नाहीतर चटणी-भाकरी. पुढं पुढं तर तेही नको वाटायला लागलं आणि चहात टोस्ट बुडवून ते वेळ भागवू लागले.

एकुलती लेक शिवरंजनी हुबळीला दिलेली. बँकेत नोकरी, घरात दोन मुलं आणि आजारी सासू. दर रविवारी दुपारी तिचा फोन यायचा, पण तो फोन खरा रुद्रम्माचा. चुकून हणमंतप्पांनी उचललाच तर, "बरी हाईस ना? थांब, अव्वाला देतो," एवढं म्हणून ते मोकळे व्हायचे. मग मायलेकींचं बोलणं आटपतच नसे, आणि हे पेपर तोंडासमोर धरून सगळं ऐकत बसत. लेकीच्या घरी काय चाललंय ते त्यांना असं आडून ऐकूनच कळायचं. वेगळं विचारायची वेळच कधी आली नव्हती.

आता फोन त्यांच्याच हातात राहायचा. देणार कुणाला?

जेवलात का, ती विचारायची. जेवलो, हे म्हणायचे. तब्येत? बरी हाय. पोरं? अभ्यास करतात. मग दोन्हीकडून गप्प. तिच्याकडच्या मिक्सरचा आवाज यायचा, यांच्याकडून भिंतीवरच्या घड्याळाचा तिला जात असेल. शेवटी तीच म्हणायची, ठेवू का मग?

अशात एका सकाळी शिवाच्या देवळाच्या पायऱ्या चढताना त्यांना भोवळ आली. पुतण्यानं दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन बरंच खाली. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि रोज पालेभाजी खायला सांगितली. रविवारी फोनवर नेहमीची चार वाक्यं संपली तेव्हा दुसरं काही सुचेना म्हणून हणमंतप्पांनी विचारलं, "डॉक्टर पालेभाजी खा म्हनतेत. मेथी खावी का पालक?"

आणि शिवरंजनी बोलायला लागली. थांबा बघते, म्हणाली, आणि बघितलं. लोह मेथीत जास्त, जवळजवळ दुप्पट. कॅल्शियमही मेथीतच जास्त. फोलेट नावाचं एक जीवनसत्त्व असतं, तेही रक्ताला लागतं, ते मात्र पालकात जास्त. पालकात आणखी एक भानगड, त्यातलं लोह अंगी लागू न देणारं काहीतरी त्यातच असतं. आकडे प्रत्येक ठिकाणी थोडे वेगळे दिलेत, पण मेथीच सरस दिसते. काही खा, वरून लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका. मग मेथी कशी निवडायची, कडूपणा कसा घालवायचा, लसूण किती घालायचा. मध्येच सासूबाईंचं मत विचारून आली. फोन ठेवला तेव्हा हणमंतप्पांचा कान तापला होता. किती दिवसांनी घर भरल्यासारखं वाटलं.

बाजाराच्या दिवशी ते पिशवी घेऊन निघाले. भाजीवाल्या तुळजाबाईनं मेथीची जुडी पुढं केली. एवढी मोठी जुडी बघून त्यांनी अर्धी मागितली. घरी किती माणसं, असं तिनं विचारलं. हणमंतप्पा म्हणाले, दोन. मग दोघांना अर्धी कशी पुरंल, म्हणून तिनं अख्खीच पिशवीत घातली. ते पैसे देऊन निघाले. पहिली मेथी करपली, दुसरी कडूझार झाली. तिसऱ्या वेळची खाण्यासारखी उतरली, आणि कधी एकदा रविवार येतो आणि हे तिला सांगतो असं त्यांना झालं.

पुढं दर रविवारी ते एखादी नवी जोडी काढायचे. शेपू का चाकवत? गवार का घेवडा? दोडक्यात जास्त का दुधी भोपळ्यात? आठवडाभर मंडईतून हिंडताना त्यांचं लक्ष तिकडंच असे. मुळ्याचा पाला दिसला की वाटायचं, हे विचारायचं राहिलंय.

दिवाळीत शिवरंजनी दोन दिवस येऊन गेली. जाताना तिनं वडिलांच्या फोनमध्ये एक सोय करून दिली. हे बटण दाबायचं आणि तोंडानं विचारायचं; भाजीचं, औषधाचं, काय वाटेल ते. म्हणजे तुम्हाला रविवारपर्यंत थांबायला नको, असं ती मायेनंच म्हणाली. त्यांनी मान हलवली.

ती गेल्यावर त्यांनी बटण दाबलं. शेपू आणि चाकवत विचारलं. एका बाईचा आवाज स्वच्छ मराठीत सगळं सांगून मोकळा झाला. त्यांनी बरं म्हटलं, तर तो आवाज आणखी काही मदत हवी का म्हणाला. थोडं थांबून हणमंतप्पांनी विचारलं, रुद्रम्मा शेपूत काय घालत होती? आवाजानं मुगाची डाळ घालून केलेल्या शेपूची कृती सांगितली. पूर्ण ऐकून त्यांनी फोन उपडा ठेवला आणि बराच वेळ हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले.

त्या रविवारी विचारायला काही उरलं नव्हतं. त्यांनी गवारीचं काढून पाहिलं, तर लेक म्हणाली, अप्पा, फोनला विचारा ना, तो जास्त बरोबर सांगेल. तिच्याकडं पाहुणे होते. ठेवू का मग, म्हणाली. बाजाराच्या दिवशी ते दारातच बसून राहिले. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. उमादेवींच्या भाकरी डब्यात वाळू लागल्या आणि टोस्टचा पुडा परत निघाला. गोळ्या कुठंतरी फळीवर राहिल्या.

संक्रांत झाली तरी कुणाच्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्यांदा रक्त तपासलं तर आकडा पहिल्यापेक्षाही खाली. पुतण्यानं तो रिपोर्ट हुबळीला पाठवला, आणि रविवार नसताना फोन वाजला. शिवरंजनी चिडली होती. कशात काय असतं ते सगळं ठाऊक असून असं कसं केलंत, घरात फोन सांगायला होता, बाजार दोन पावलांवर, उमाकाकू भाकरी देतात, मग अडलं कुठं? ती बोलत राहिली आणि हणमंतप्पा ऐकत राहिले. ती थांबली तेव्हा ते म्हणाले,

"मला मेथी-पालकाचं काय बी नको व्हतं गं. तुझ्यासंगं काय बोलावं ते सुचत न्हवतं, म्हनून इचारायचो."

 फोन कट झाला की काय म्हणून त्यांनी कानापासून काढून पाहिला.

"मलाही सुचायचं नाही, अप्पा," ती म्हणाली. "अव्वानं फोन घेतला की सगळं आपोआप व्हायचं. तुमच्याशी कसं बोलायचं ते मी शिकलेच नाही."

 मग तिनं सांगितलं, दुपारी दीडच्या सुमाराला तिची बँकेत जेवायची सुट्टी असते. तेव्हा ती फोन लावून ठेवेल. बोलायचं असलं तर बोलायचं, नाहीतर नुसतं जेवायचं. पण ताटात भाजी पाहिजे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि पालक-भाकरी घेऊन बसले. आज पालक का, तिनं विचारलं. मेथी मिळाली न्हाय, ते म्हणाले. एवढंच बोलणं झालं. तिकडं डब्याचं झाकण वाजत होतं, माणसं कानडीत बोलत होती. हणमंतप्पांनी ताट संपवलं.

हे रोज जमलं असं नाही. कधी तिला काम निघे, कधी सासूबाईंचा दवाखाना. महिनाअखेरीला तर आठवडा आठवडा जायचा. फोन आला नाही की घर पहिल्यासारखंच मोठं व्हायचं, आणि घास तोंडातच फिरायचा. तरी ते भाजी करत राहिले. गोळ्याही सुरू केल्या. उन्हाळ्याच्या तोंडाशी तपासलं तेव्हा आकडा थोडा वर आला होता. तो मेथीनं का गोळ्यांनी, असं त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी जास्त; पण भाजी सोडू नका.

एका बुधवारी दीड वाजून गेला, दोन वाजले. ताटातली भाजी निवत आली. लेकीला आपणहून फोन लावायची सवय त्यांना नव्हतीच, ते काम रुद्रम्माचं. त्यांनी चष्मा लावला, तिचं नाव शोधलं आणि बटण दाबलं. बराच वेळ वाजून वाजून बंद झाला. ते भाकरी मोडून एकटेच जेवले. ताट धुऊन पालथं घालत होते तेव्हा तिचा फोन आला. आवाजात धाप होती. मीटिंग होती, म्हणाली, जेवलात का?

जेवलो, ते म्हणाले. नेहमीप्रमाणं पुढं काही येईना. पदराला हात पुसावा तसे त्यांनी धोतराला हात पुसले.

"तू काय खाल्लंस?"

असं त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं.  ती म्हणाली की सकाळपासून नुसता चहाच झालाय, डबा अजून उघडलेला नाही. हणमंतप्पा म्हणाले, मग उघड की, मी हाय. आणि ते खुर्ची ओढून बसले.