बारा ते दोनचा पहारा

वर्षातले एकावन्न आठवडे मी खुंटीला टांगलेली असते आणि एक आठवडा माणसांच्या गळ्यात. मी या देवळाची वीणा. बोलायला माझ्याकडे वेळ भरपूर, ऐकायला मात्र कुणी नसतं. आज तुम्ही उन्हाचे सावलीला टेकलाच आहात, तर ऐका.

माझा जन्म मिरजेचा. पोट भोपळ्याचं, दांडी तुणीच्या लाकडाची आणि वर चार तारा. कारागिराने दोन दिवस तारांखालची घोडी घासून माझा आवाज मोकळा केला आणि न्यायला आलेल्या माणसाला बजावलं, "ओलीत ठेवू नका, उंदरांपासून जपा." बस, एवढंच. जमिनीला टेकवू नका, असं तो बोलला नव्हता. तो नियम इथल्या लोकांचा.

न्यायला आलेला माणूस म्हणजे माधवराव गुरुजी. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते, शाळेत नवीनच लागले होते. मिरजेहून सोनपेठपर्यंत तीन एसट्या बदलल्या, पण मी सगळा प्रवास त्यांच्या मांडीवर केला. कंडक्टर म्हणाला, "मास्तर, ठेवा की खाली, पाय आखडतील." गुरुजी नुसते हसले. त्या हसण्यावरूनच मी ओळखलं, हा माणूस मला जड जाणार नाही.

त्या चैत्रात गावात पहिला सप्ताह बसला. सात दिवस, सात रात्री अखंड नाम. पहारेकऱ्याच्या गळ्यात मी, एका हाताचं बोट माझ्या तारेवर, दुसऱ्या हातात चिपळ्या, तोंडात रामकृष्णहरी. दोन तासांनी पुढचा पहारेकरी येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि मी या गळ्यातून त्या गळ्यात जाते. सात दिवस मला टेकायची परवानगी नाही. म्हातारी झाले तरी नाही!

पहारे वाटताना माणसांची गंमत कळते. पहाटेचा पहारा सगळ्यांना हवा, कारण तेव्हा गारवा असतो. कीर्तनाआधीचाही हवा, कारण तेव्हा बघायला माणसं असतात. दुपारी बारा ते दोन कुणालाच नको. वरचे पत्रे तापलेले, पारायणाची मंडळी जेवून आडवी झालेली, देवळात चिटपाखरू नाही. तो पहारा गुरुजींनी पहिल्या वर्षीच मागून घेतला आणि चाळीस वर्षं सोडला नाही.

आता एक गोष्ट सांगते, ती गावाला ठाऊक नाही. माझ्या दहाव्या सप्ताहातली आहे.

गुरुजींची लेक उत्तरा तेव्हा पाच वर्षांची होती. बापामागे देवळात यायची आणि खांबाखांबाशी खेळायची. देवळाच्या मागे जुनी बारव आहे, पायऱ्या थेट पाण्यात उतरणारी. त्या दुपारी गुरुजी डोळे मिटून नाम घेत होते. मागून एक किंचाळी आली आणि मग पाण्याचा आवाज.

त्यांनी मला गळ्यातून काढलं आणि फरशीवर ठेवलं. आणि धावले.

मी शहाबादी फरशीवर पडून होते. खरं सांगू? फरशी गार होती. दहा वर्षं ज्याची मला धास्ती घातली होती ते झालं, आणि काहीच झालं नाही. देव जागेवर होता, समई तेवत होती. मला काळजी होती ती पोरीची. कोपऱ्यात, रोज देवळात येऊन बसणारी चतुराबाई पदर तोंडावर घेऊन झोपली होती, बाकी कुणी नव्हतं.

थोड्या वेळाने गुरुजी आले, छातीपर्यंत ओले. खांद्यावर उत्तरा, तिची हनुवटी फुटलेली. तिला त्यांनी खांबाशी बसवलं, हनुवटीला उपरणं बांधलं आणि मला उचललं. तार छेडली तेव्हा आवाज फाटला. उरलेला पाऊण तास ते रडत नाम घेत होते.

मला खाली ठेवल्याचं त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, घरीसुद्धा. पुढच्या वर्षापासून पहाऱ्याला आले की आधी माझ्या भोपळ्याला हात लावून तो कपाळी न्यायचे आणि मग देवाकडे बघायचे. लोक म्हणायचे, गुरुजींची श्रद्धा बघा. ती श्रद्धा होतीच, पण ती माफी होती. तीस वर्षं हा माणूस माझी माफी मागत होता, आणि त्याला सांगायला मला तोंड नव्हतं की गुरुजी, माझी काही तक्रार नाही हो.

उत्तरा मोठी झाली, शिकली, पुण्यात कंपनीत लागली. तिच्याबद्दल मला गुरुजींकडून कळायचं. दहा दिवस मौन धरायच्या शिबिराला जाऊन आली. डोंगरावरच्या कुठल्या आश्रमात राहून आली. मोबाइलमध्ये एक घंटा आहे, ती वाजली की डोळे मिटायचे आणि परत वाजली की उघडायचे. गुरुजी चतुराबाईला म्हणाले होते, "पोरगी काहीतरी शोधतेय. काय ते तिलाही सांगता येत नाही." त्यांनी तिची कधी थट्टा केली नाही. मी थोडी केली, मनातल्या मनात.

गेल्या दिवाळीत गुरुजींना लकवा झाला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. यंदाच्या चैत्रात संध्याकाळी सप्ताह बसला तेव्हा उत्तरा त्यांना भेटायला दोन दिवसांसाठी आली होती. त्यांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं आणि एकेक शब्द ओढत म्हणाले, "बारा ते दोन. तू उभी राहा. खाली... ठेवू नको."

तिने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तिला परत जायचं होतं. अडीचला फाट्यावरून एसटी, संध्याकाळी परभणीहून पुण्याची गाडी आणि सकाळी ऑफिसात मोठी मीटिंग. दोनला पहारा संपेल, अडीचला एसटी मिळेल, असा तिचा हिशोब.

ती बरोबर बाराला आली. बॅग खांबाशी ठेवली, मोबाइल बॅगेवर. आधीच्या पहारेकऱ्याने मला तिच्या गळ्यात घातलं. बाईमाणसाच्या गळ्यात वीणा म्हणून कोण काय म्हणेल, याची तिला धाकधूक होती. कुणी काही म्हणायला देवळात होतंच कोण? एकटी चतुराबाई. ती आता ऐंशीच्या पुढे गेलीय, पण तिचा कोपरा तिने सोडलेला नाही.

सुरुवातीला उत्तराचं काही जमेना. तार एकीकडे, नाम दुसरीकडे आणि नजर मोबाइलवर. दर थोड्या वेळाने तिचा हात तिकडे निघायचा आणि चिपळ्या वाजायच्या. मला हसू येत होतं. दोन्ही हात अडकलेले असल्यावर माणूस किती बावचळतो ते मी चाळीस वर्षं पाहिलंय.

अर्ध्या तासाने तिने न राहवून विचारलं, "चतुराआजी, हे धरून नेमकं होतं काय?"

"काई होत न्हाई माय," चतुराबाई म्हणाली. "हात गुंततेत."

उत्तराला हे उत्तर पुरलं नाही. तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

दोन वाजले. पुढचा पहारेकरी चंद्रभान यायला हवा होता. सव्वादोन झाले तरी त्याचा पत्ता नाही.

झालं होतं असं. पहाऱ्यांची यादी पूर्वी गुरुजी फळ्यावर खडूने लिहायचे. एका बाजूला दिवस, दुसऱ्या बाजूला रात्र. यंदा ती मोबाइलच्या ग्रुपवर आली, आणि त्यात नुसतं 'दोन ते चार, चंद्रभान' असं होतं. दिवसाचे की रात्रीचे, ते लिहायचं राहून गेलं. भला माणूस आदल्या रात्रीच दोनला येऊन उभा राहिला होता. तिथे रात्रीच्या पहाऱ्याचा दत्ता आधीच हजर. एकाला दोन झाले म्हणून दोघं खूश झाले, चहा प्याले आणि नाम घेतलं. दुपारचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही. त्यातून सोनपेठचा बाजार, म्हणजे अर्धं गाव तिकडे.

उत्तराच्या सांगण्यावरून चतुराबाई भिंत धरत दारापर्यंत गेली. मोटारसायकलवरून एक जण चालला होता, त्याला हाक मारून निरोप दिला आणि परत आली. "चंद्रभान बाजारात गेलाय म्हनं. सांगतो म्हनला. पर येईस्तोवर चार वाजतेत."

"आजी, तुम्ही धरता का जरा?"

"माझे हात बग माय. चहाची बशी धरवत न्हाई मला. पाडीन तिला."

बॅगेवरचा मोबाइल वाजायला लागला. थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. उत्तराचा घसा सुकला होता, पायांत गोळे आले होते. तिचं रामकृष्णहरी आता रडक्या सुरात येत होतं. मला तिचं काळीज पाठीला लागत होतं, इतकं ते धडधडत होतं. पोरी, ठेव मला, मी म्हणत होते. मी टेकलेली आहे एकदा, मला काही होत नाही. पण माझ्या तारांतून एकच सूर निघतो, आणि त्याचा अर्थ माणसं आपापला लावतात.

"ठिव खाली," चतुराबाई एकदम म्हणाली. "ठिव अन् जा. एसटी चुकंल."

"नाही हो. बाबांनी चाळीस वर्षांत कधी ठेवली नाही. मला एक दिवस जमू नये?"

चतुराबाईने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "ठिवली व्हती."

मी दचकले. मला वाटत होतं, ही गोष्ट गुरुजींत आणि माझ्यातच आहे.

"तू बारवंत पडलीस त्या वखताला. मी पदराआडून बगायलते. गुर्जीनं हिला हितं ठिवली, ह्या फरशीवर, अन् पळाले. मला उठायचं सुदरलंच न्हाई. नंतर म्हनलं, गुर्जी बोलंनात तर आपुन कामून बोलावं? पर आज तुझे हाल बगवंनात. तुझ्या बापानं तुझ्यासाटी ठिवली, तर तू बी ठिव. देव काई इतका कडक न्हाई."

उत्तराचं नाम थांबलं. तार मात्र थांबली नाही, तिचं बोट आपोआप चालत होतं. ती त्या फरशीकडे बघत राहिली. तिच्या हनुवटीवर अजून तो व्रण आहे. हात गुंतलेले, म्हणून तिने हनुवटीच माझ्या तार पिळायच्या खुंटीवर टेकवली. दोन गरम थेंब दांडीवरून ओघळत माझ्या भोपळ्यावर आले.

फाट्यावरून एसटीचा हॉर्न ऐकू आला. आजी म्हणाली, "जा की."

"नको," उत्तरा म्हणाली. "आता नको."

आणि तिने पुन्हा नाम धरलं. या वेळी तिने घड्याळ पाहिलं नाही, मोबाइल वाजला तेव्हा मान वळवली नाही. आधी ती मला धरून होती कारण ठेवायची बंदी होती. आता ठेवायला मोकळी होती आणि तरी धरून होती. हा फरक मला दांडीत कळला. तिचा आवाज खाली आला आणि माझ्या तारेला येऊन मिळाला. मला गुरुजीच परत भेटल्यासारखं झालं, आणि मी सुखावले.

पावणेचारला चंद्रभान धावतपळत आला. खांद्यावर बाजाराची पिशवी तशीच, त्यातून मेथीची जुडी बाहेर डोकावतेय. पिशवी दारात टाकून, पायांवर पाणी घेऊन तो आला आणि तिच्या पायांवरच पडला. "चुकलं माय, लय चुकलं. मला वाटलं रातचंच हाय. चार घंटे उभी केली तुला."

"राहू द्या काका," ती म्हणाली आणि त्याच्या पाया पडली. मला त्याच्या गळ्यात घालण्याआधी ती थांबली. माझ्या भोपळ्याला हात लावून तिने तो कपाळी नेला आणि मग देवाकडे पाहिलं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

ती त्या दिवशी गेली नाही. आठवडाभर राहिली आणि रोज बारा ते दोन उभी राहिली. नेटवर्क फक्त बारवेच्या कठड्यावर येतं, म्हणून तिची ती मोठी मीटिंगही तिने तिथेच बसून केली. साहेबांना मागे पारव्यांचं घुमणं ऐकू आलं असणार. नोकरीबिकरी सोडायच्या गोष्टी तिने केल्या नाहीत. शोधत होती ते सापडलं का, हेही ती बोलली नाही. चतुराबाईने विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "हात गुंतले आजी."

काल्याच्या दिवशी गुरुजींना खुर्चीत बसवून देवळात आणलं. सप्ताह उतरला, मला गळ्यातून काढलं. खुंटीला टांगण्याआधी उत्तरा मला त्यांच्यापाशी घेऊन गेली आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "बाबा, ही फरशीवर ठेवली होती ते मला कळलं."

गुरुजींनी डावा हात उचलला. सवयीने त्यांनी आधी माझा भोपळा चाचपला. कपाळाकडे नेता नेता तो हात मध्येच थांबला आणि लेकीच्या हनुवटीवर जाऊन टेकला, तिथल्या व्रणावर. तीस वर्षांची माफी त्या दिवशी संपली.

आता मी खुंटीवर आहे. एक तार गंजलीय, भोपळ्याला बारीक तडा आहे. यादी पुढच्या वर्षापासून परत फळ्यावर लिहायची, असं चंद्रभानने जाहीर केलंय. तुम्ही आता निघाल, ऊनही कललंय. पुढच्या चैत्रात याल का? पहाटेचा पहारा मिळणार नाही, त्याला फार गर्दी असते. बारा ते दोनमध्ये उत्तराला एक जोडीदार हवा आहे. थकलात तर मला खुशाल खाली ठेवा, मी कुणाला सांगणार नाही. फक्त उचलायला परत या.