पाण्याचं पहिलं घर

हानेउराबद्दल कुणी काही विचारलं की तोमोए पाण्यापासून सुरुवात करायची. ओसाकात तिनं अडतीस वर्षं संसार केला, तिथल्या मुलींना शिवण शिकवलं, पण गाव म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे येई तो डोंगराच्या पायथ्याशी फुटणारा झरा. त्याचं पाणी पाटातून एकेका घराच्या स्वयंपाकघरात शिरायचं, दगडी हौदात जरा विसावायचं आणि भिंतीखालच्या भोकातून शेजाऱ्याकडे निघायचं; अशी सतरा घरं फिरून ते शेवटी तळ्याला मिळायचं. हौदात कार्प मासे असत. भाताचं भांडं पाण्यात बुडवून ठेवलं की शितं तेच साफ करत. खालच्या घरालाही तेच पाणी वापरायचं असल्यामुळे वरच्या घरानं ते घाण करायचं नाही, एवढा एकच कायदा गावात होता, आणि तो मोडणारा माणूस हानेउरात अजून जन्मायचा होता.

मग होड्यांची गोष्ट यायची. ती तिनं लग्नाआधी नवऱ्याला सांगितली होती, नंतर मुलीला भरवताना आणि आता नातीला. शेजारची सायो आणि ती एकाच वयाच्या, एकीला काटा टोचला तर दुसरी रडायची. सकाळी उठून हौदाच्या काठावर हनुवटी टेकायची, गार पाण्यात हात सोडायचा, माशांच्या मिशांनी बोटांना गुदगुल्या व्हायच्या, आणि तेवढ्यात भिंतीच्या भोकातून बांबूच्या पानाची होडी डुलत यायची. तिच्यात कधी फूल असे, कधी भाताचा चिमुकला गोळा, कधी रंगीत मणी. होडी आली की समजायचं, मैत्रीण उठली. सायो सहा वर्षांची असताना तळ्यात बुडाली, हे मात्र तोमोए गोष्टीत घेत नसे. लहान पोरांना असलं कशाला सांगायचं?

तिची आई याए अठ्ठ्याऐंशी वर्षांची होऊन शरद ऋतूत वारली. एकोणपन्नासाव्या दिवशी सकाळी तळ्याकाठच्या मंदिरामागे घराण्याच्या थडग्यात राख ठेवून झाली. आईची सेवा शेवटपर्यंत हातून घडली, आता कधीतरी आपणही तिच्याशेजारीच येऊन विसावू, असं तोमोएच्या मनात आलं आणि तिला खरोखर शांत वाटलं.

दुपारी जेवणं चालू असताना ती स्वयंपाकघरात भांडी बुडवायला आली. खिडकीशी बांबूची फांदी वाकली होती. तिनं सहज एक पान तोडलं, दोन्ही टोकं दुमडून, चिरून एकमेकांत अडकवली आणि होडी हौदात सोडली. होडीनं माशांभोवती एक गिरकी घेतली आणि ती भिंतीखालून शिगे काकूंच्या, म्हणजे सायोच्या घराकडे निघून गेली. तोमोए हसली. मग ते हसू तिच्या तोंडावर तसंच राहिलं.

काकूंचं घर खालच्या बाजूला होतं, तेव्हा होडी तिकडे जाणार हे उघडच होतं. पण मग होड्या यायच्या कुठून? तिनं हौदाच्या वरच्या अंगाला पाहिलं. तिथं भिंतीत भोक नव्हतंच. उघडा खडक होता आणि खडकात बसवलेल्या बांबूच्या नळीतून दोन हात उंचीवरून पाण्याची धार पडत होती. याएचं घर पाण्याचं पहिलं घर. त्याच्या वर नुसता डोंगर, आणि डोंगरात अस्वलांखेरीज कुणी राहत नाही. इथं काठावर हनुवटी टेकून कुणी जन्मभर बसलं असतं तरी त्याच्यापुढे एक होडी आली नसती.

म्हातारपणी माणूस काय काय एकमेकांत मिसळतं, असं तिनं स्वतःला समजावलं. पण होड्या दुमडणाऱ्या मुलीची एकही सकाळ तिला आठवेना. आठवत होतं ते वाट पाहणं.

बाहेर येऊन ती टोफूवाल्या किजिमाकाकांशेजारी बसली. त्यांच्या पेल्यात साके ओतता ओतता तिनं हलकेच विचारलं, "काका, मी आणि सायो होड्या खेळायचो, आठवतं तुम्हाला?"

"न आठवायला काय झालं? तू सोडायचीस, सायो झेलायची. रोज सकाळी."

"मला वाटतं, मी झेलायचे."

किजिमाकाकांनी पेला खाली ठेवला. "तू सोडायचीस, सायो झेलायची," ते पाढा म्हणावा तसे म्हणाले. "पाणी काय उलटं चढतं? अक्कल ओसाकात गहाण ठेवून आलीस की काय?"

पंगत हसली. सगळे एकदम हसले आणि एकदमच थांबले. पलीकडून मंदिराचे गुरुजी लोणच्याचा तुकडा उचलत मायेनं म्हणाले, "तुम्ही सोडायचात आणि सायो झेलायची. रोज सकाळी."

गुरुजी चाळिशीचे. सायो बुडाली तेव्हा त्यांचा जन्मही झाला नव्हता.

तोमोएनं हातातला घास खाली ठेवला. सायो गेल्यावर तिला दोन वर्षं ओसाकाला मामाकडे ठेवलं होतं, हे तिला माहीत होतं. ती आठ वर्षांची होऊन परतली त्या दिवशी गाव वेशीपर्यंत सामोरं आलं होतं. "तोमोए आली! आमची तोमोए आली!" दिवसभर जो तो तिला नावानं हाक मारत होता, पोपटाला शिकवावं तसं. तेव्हा केवढा आनंद झाला होता. गाव असावं तर असं, हे वाक्य ती पुढे पन्नास वर्षं अभिमानानं सांगत आली. त्याआधीचा तिचा एकही फोटो घरात नव्हता; ओल लागून खराब झाले, असं आई म्हणायची. बाकी तोमोएनं कधी काही विचारलं नव्हतं. सुखाच्या दिवसांची कुणी उलटतपासणी घेतं का?

आज सकाळी आपण कुणाच्या आईची राख ठेवून आलो, हा प्रश्न तिच्या मनात आला आणि तिला भीती वाटली. भीतीपेक्षाही राग आला. अंगणात चपला शोधणाऱ्या पाहुण्यांचे ओळखीचे, प्रेमळ चेहरे तिला पहिल्यांदाच पहारेकऱ्यांसारखे वाटले.

रिवाजाप्रमाणे ज्यांनी मयतीला पैशांचं पाकीट दिलं, त्यांना एकोणपन्नासाव्या दिवशी परतभेट द्यायची असते. शिगे काकू एक्याण्णव वर्षांच्या. त्यांनी सुनेच्या हाती पाकीट पाठवलं होतं, पण स्वतः आल्या नव्हत्या. तशा त्या वरच्या घरात कधीच येत नसत. रस्त्यात तोमोए दिसली की थांबून वाकून नमस्कार करायच्या, अगदी ती आठ वर्षांची होती तेव्हाही, आणि नावानं हाक न मारता पुढे जायच्या. लेक गमावलेली बाई, लेकीच्या वयाची मुलगी कशी बघवणार, असं सगळे म्हणायचे. चहाचा डबा कापडात बांधून तोमोए निघाली तेव्हा किजिमाकाका फाटकात उभे होते.

"शिगेबाईंचा डबा मी पोचवतो की. तू दमलीस."

"नको काका, दोन पावलांवर तर आहे."

"त्यांना हल्ली काही कळत नाही बरं का," ते मागून म्हणाले. "काहीही बोलतात. मनावर घेऊ नकोस."

सून मासुमीनं दार उघडलं आणि तोमोएला थेट स्वयंपाकघरात नेलं, कारण म्हातारी दिवसभर तिथंच बसे. हौद ठेंगणा होता. भिंतीतल्या भोकातून पाणी येत होतं, आणि त्याच्यासमोरचा काठाचा दगड एका जागी हाताभर गुळगुळीत झाला होता. तोमोए उभीच राहिली. बसलो तर हनुवटी नेमकी त्याच जागी टेकेल, हे तिला कळत होतं.

शिगे काकूंनी डबा घेतला, कपाळाला लावला आणि बाजूला ठेवला.

"काकू," तोमोए म्हणाली. "होड्या कोण सोडायचं?"

म्हातारीनं मान वर केली. किजिमाकाकांचा पाढा आता हिच्याही तोंडून येणार, असं तोमोएला वाटलं, आणि यावा, असंही तिला फार वाटलं. तो आला असता तर ती रडून मोकळी झाली असती, रात्रीच्या गाडीनं ओसाकाला गेली असती आणि नातीला पुन्हा तीच गोष्ट सांगू शकली असती.

"याएबाईंचे एकोणपन्नास दिवस झाले ना पुरे?" काकूंनी विचारलं.

"हो. आजच झाले."

"नीट पार पाडलंस ना सगळं? काही राहिलं नाही ना त्यांचं?"

"काही नाही राहिलं."

"मग झालं तर," शिगे काकू म्हणाल्या. "आमची बोली तेवढीच होती, त्यांचं सगळं होईपर्यंतची. आता बाहेर जाऊ नकोस, गारठा पडेल."

तोमोएनं मासुमीकडे पाहिलं. सासूबाईंना हल्ली कळत नाही हो, असं ती हसून म्हणेल म्हणून तोमोए थांबली. पण मासुमीनं ओले हात कमरेच्या फडक्याला पुसले, तोमोएच्या चपला उचलून आतल्या फळीवर ठेवल्या आणि ती जिना चढून वर गेली. थोड्या वेळानं वरच्या खोलीतल्या कपाटाचं दार सरकल्याचा आवाज आला, आणि मग जमिनीवर गादी पसरल्याचा.