पाटीमागचा दिवा

परशुरामने सुरीचं टोक दिव्याच्या फटीत घातलं आणि मनगटाला हिसका दिला. लाल झाकण उडून चुलीपाशी पडलं. आत साबुदाण्याएवढे पाच बल्ब होते, स्वच्छ काचेसारखे. आता उजेड पांढरा पडणार म्हणून त्याने घाईने बटण दाबलं, तर पाचही बल्ब लालच पेटले.

रंग झाकणात नव्हता, बल्बांतच होता. कल्याणच्या दुकानदाराने हे सांगितलं नव्हतं आणि ह्याने विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर दिवा कशाला हवा तेही सांगावं लागलं असतं. ते टाळायलाच तर गडी ठाण्याचा बाजार सोडून रविवारी कल्याणला गेला होता. स्टेशनबाहेरच्या खोक्यात बसलेला तो माणूस म्हणाला होता, "परदेशी माल आहे, एलईडी. कधी जळत नाही. सायकलच्या मागे लावा, ट्रकवाल्याला लांबून दिसेल." परशुरामने त्यातलं 'लांबून दिसेल' एवढंच ऐकलं आणि खूश होऊन घरी आला.

"लाल झाकन कनाला काढलात?" सगुणाने विचारलं. ती दारात बसून मासळीची पाटी धूत होती. "मागून येणाऱ्याला लालच दिसाय पायजे ना?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

सगुणाने पाटी उपडी घातली. नवऱ्याला खोटं बोलता येत नाही हे तिला लग्नाच्या वर्षीच कळलं होतं.

परशुरामला अंधार पडला की दिसत नव्हतं. दिवसा सुई ओवणारा माणूस दिवेलागणीनंतर घरातल्या घरात खांबाला अडखळायचा. बापाचंही असंच झालं होतं आणि त्याने होडी विकली होती. परशुराम कोलशेत रस्त्यावरच्या रंगाच्या कारखान्यात लागला. उन्हाळ्यापासून त्याने सगळ्यांशी पाळ्या बदलून पहिली पाळी धरून ठेवली होती, म्हणजे दुपारी उजेडात सुटता यावं. पण मार्गशीर्ष लागला आणि सकाळी सहाच्या पाळीला निघताना बाहेर मिट्ट काळोख असू लागला. वाटेत मैलभर खांब होते, त्यांवर दिवे नव्हते. डायनामो लावून झाला, बॅटरी धरून झाली. त्या पिवळ्या उजेडात त्याला रस्ता आणि गटार सारखंच दिसे. दोनदा उशीर झाला होता. तिसऱ्यांदा झाला की टेंपररी माणसाला गेट बंद. आणि ह्या महिन्याच्या एकतीस तारखेला नऊ जण कायम होणार होते, त्यांत त्याचं नाव होतं. डोळ्यांची गोष्ट नुसती कानावर गेली असती तरी ते नाव खोडायला कुणाला वेळ लागला नसता. म्हणून त्याने ती बायकोलाही सांगितली नव्हती.

दुपारभर तो दिव्याशी झटत राहिला. दोनाच्या जागी तीन सेल जोडले. एक बल्ब भसकन पेटून कायमचा गेला, उरलेले चार आधीपेक्षा तेजाळले. गोड्या तेलाच्या डब्याचा पत्रा वाकवून मागे बसवला, म्हणजे उजेड पुढे फेकला जाईल. सगळं तारेने हँडलला आवळलं. दिवसाउजेडी ते सगळं भलतंच झकास दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तो निघाला आणि वेशीपलीकडच्या गटारात सायकलसकट गेला.

त्याने तिथेच बसून कपाळ बडवून घेतलं. दिवा हातभर अंतरावर चिखलात पेटलेला होता. तो त्याला नीट दिसत होता. त्याच्या उजेडात दुसरं काहीही दिसत नव्हतं. असल्या दिव्याला जाळायचंय का, असं तो मोठ्याने म्हणाला आणि मग त्याला रडू फुटलं.

"उठा," आवाज आला. सगुणा डोक्यावर पाटी घेऊन मागून चालत आली होती. तिने त्याला दंडाला धरून उठवलं. "मामंजींना पन असंच झालेलं. मना सांगाय तोंड नव्हतं कं?"

"सगुणे, मी संपलो. आज तिसरा मार्क पडतोय."

"अजून वेळ हाय. तो दिवा द्या इकडं."

"त्याच्यानं काय होतंय?"

"तो दिसतोय ना तुमाला?"

"तो दिसतोय."

"मंग झालं. खाडीत म्होरल्या होडीचा दिवा बघून मागली होडी येते, तिला कुठं पाणी दिसतंय?"

"लोक बघतील. बायकोचा हात धरून कामावर आला म्हनतील."

"हात कोन धरतंय? मी कोलीन, पाटी घेऊन म्होरं चाललेली. तुमी कामगार, सायकल घेऊन मागं चाललेले. कोन कोनाचं?"

तिने डोक्यावरच्या पाटीच्या काठाला दिवा मागच्या बाजूने बांधला. परशुरामने अंधारातच चाचपून बटण दोनदा दाबलं, तसा तो लुकलुकायला लागला. नुसता पेटता ठेवला तर ट्रकांच्या दिव्यांत मिसळला असता. मग तो लाल ठिपका त्याच्यापुढे वर-खाली होत निघाला. डावीकडे गेला की डावीकडे, थांबला की थांबायचं. सहाला पाच कमी असताना दोघं गेटजवळ पोचली.

घरी आल्यावर त्याने पत्रा आणि जास्तीचा सेल काढून टाकला, लाल झाकण परत बसवलं आणि कडांना होडीचं डांबर भरलं, म्हणजे पाटीतलं पाणी आत जाणार नाही. दिवा पुन्हा दुकानातल्यासारखा झाला, फक्त एक बल्ब कमी.

अशा तेरा पहाटा गेल्या. सगुणाचं त्यात काय जात होतं हे परशुरामला कळत होतं आणि ते त्याला आतून खात होतं. होड्यांवरच्या मासळीचा लिलाव त्याच वेळी खाडीवर असायचा, घरामागे, अगदी उलट्या दिशेला. ती परत जाईपर्यंत चांगला माल उचललेला असे. उरलेसुरले जवळे आणि सुके बोंबील घेऊन ती दारोदार फिरे. एका शब्दाने बोलत नसे. परशुराम दिवस मोजत होता.

एकोणतीस तारखेला गेटवरचा वॉचमन सहदेव चहाचा पेला हातात घेऊन रस्त्यावर आला. सगुणा नेहमीसारखी गेटपाशी वळून परत निघाली होती.

"परशा, ही कोळीण रोज तुझ्या पुढं येते आणि इथून माघारी जाते," सहदेव म्हणाला. "खाडी तर तिकडं राहिली. परवा साहेबानंपण विचारलं, ही बाई कोण. तुझी कोण आहे का?"

हो म्हणावं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. सगुणा चार पावलांवर थांबली होती.

"मना काय माहीत," परशुराम म्हणाला. "असेल कोनतरी."

शब्द तोंडातून गेले आणि त्याला स्वतःची किळस आली. सगुणा वळली, गेटवरच्या ट्यूबखाली आली आणि डोक्यावरची पाटी उतरवून खाली ठेवली. तळाशी कालचे चार वाटे बोंबील होते.

"माझं गिऱ्हाईक हाय इकडं, पल्याडच्या चाळीत," ती सहदेवला म्हणाली. "दार उघडलं नाय की माघारी जाते. बोंबील घेता कं वॉचमनदादा? सुके हायत, खडखडीत."

सहदेव वाकून बघायला लागला. एक वाटा त्याने उचलून वास घेतला, घरच्यांना आवडतात म्हणाला, पैसे काढायला खिसा चाचपू लागला.

सगुणाने मान वर केली. ट्यूबच्या उजेडात परशुरामला तिचं तोंड स्वच्छ दिसत होतं. दारोदार गिऱ्हाइकाकडे बघते तशी ती त्याच्याकडे बघत होती, ओळख अजिबात न देता.

"तुमाला पायजेत कं, दादा?" तिने विचारलं.

परशुराम सायकल पुढे ढकलायला लागला.

"अरे बोल ना," सहदेव म्हणाला, "बाई विचारतेय."

"नको, बाई," परशुराम म्हणाला, आणि हजेरीच्या रांगेत जाऊन उभा राहिला.