गोलपोस्टापाशी उभी राहिलेली रांग

चीफ आकिनबोदे दारात आला की मी ओळखते, आता कोणाच्या तरी नावानं मला नाचायचंय. आमच्या वॉर्डातल्या पक्षाच्या बायकांची मी पुढारी, वीसेक वर्षं झाली. गव्हर्नर कोणीही असो, त्याच्या गाड्या गावात शिरल्या की धूळ पहिली माझ्या नाकात आणि गाणं पहिलं माझ्या तोंडात. एरवी बाजारात मी चवळीचे वडे तळते. लोक मला रोंकेची आई म्हणतात आणि माझी पाठ वळली की तोंडाळ म्हणतात. दोन्ही खरं आहे.

त्या संध्याकाळी त्यानं गाडीतून तांदळाचं पोतं उतरवून घेतलं आणि आमच्या बाकावर ऐसपैस बसला. दुसऱ्या दिवशी पक्षातली निवड होती. गव्हर्नरची खरी निवडणूक पुढे. त्याआधी पक्षानं कोणाला उभं करायचं ते आम्ही सभासदांनी ठरवायचं. चिठ्ठी नाही, पेटी नाही. मैदानात प्रत्येक उमेदवाराचा फोटो लावतात, आणि ज्याला जो हवा त्याच्या फोटोमागे त्यानं रांगेत उभं राहायचं. मग मोजतात. कोण कोणाच्या मागे उभं आहे ते अख्खा गाव बघतो, चीफही बघतो.

"रोंकेची आई, उद्या सगळ्या बायका फालोदूनसाहेबांच्या मागे. नवं कापड नेसून."

"आणि अडेसिदाबाईंच्या मागे कोण?"

"कोणी नाही."

"असं कसं? बाई आपल्याच भागातली. दोघं-चौघं तरी असतील."

चीफ हसला. "आकडा वर कळवून झालाय. या वॉर्डातून फालोदूनसाहेब पाचशे, बाई शून्य. उद्या नुसता व्हिडिओ काढायचाय."

"आकडा वर गेलाच आहे, तर माझे पाय कशाला हवेत? तेही वर पाठवून द्यायचे होते."

अडेसिदाबाई काही माझी देवी नाही. उंच टाचांच्या चपला घालून येते आणि दर वेळी माझं नाव विसरते. पण ती आली की विचारते, तुम्हाला काय वाटतं. फालोदूनला मी एकदाच बघितलाय, गाडीच्या काचेतून, तोही झोपलेला. तरी मी त्याच्यासाठीही नाचले असते. मला झोंबलं ते वेगळंच. आम्ही उभं राहायच्या आधीच आम्हाला मोजून टाकलं होतं.

चीफ उठता उठता म्हणाला, "रोंकेला कायम करायचं माझ्या लक्षात आहे. उद्याचं नीट पार पडू दे, सोमवारी करून टाकू." चीफ आमच्या स्थानिक सरकारचा चेअरमन. दवाखान्यातली शिपायापासून नर्सपर्यंत प्रत्येक नोकरी त्याच्या मुठीत. माझी रोंके तीन वर्षं तिथं हंगामी नर्स होती. नवरा लागोसला गेला तो तिकडचाच झाला, दोन मुलं तिच्या पदरात.

गाडी गेल्यावर रोंके आतून आली. सगळं ऐकलं होतं तिनं.

"आई, उद्या गुपचूप उभी राहा. तुझा तोंडाचा पट्टा घरी ठेवून जा."

"मी काही बोलले का?"

"तुझं तोंड बोलतंय. आई, एक दिवस उभं राहायचंय फक्त. काय झिजणार आहे तुझं?"

"नाही झिजत काही. राहते," म्हटलं मी. आणि खरंच राहणार होते. पोरीला शब्द दिला होता.

सकाळी आम्ही शाळेच्या मैदानात गेलो. फालोदूनचा फोटो आंब्याखाली, गार सावलीत. अडेसिदाबाईचा पार दुसऱ्या टोकाला, मोडक्या गोलपोस्टाला बांधलेला, भर उन्हात. बांधणाऱ्याला अक्कल होती. चीफनं वाटलेल्या कापडावर फालोदूनचे हसरे चेहरे छापलेले, आणि ते अशा बेतानं आले होते की बसायचं म्हटलं की त्याच्या तोंडावरच बसावं लागे. बायका खिदळत होत्या. मी रांगेच्या अगदी पुढे, फोटोखाली. शाळेच्या ओट्यावर रोंके औषधाची पेटी घेऊन बसली होती. उन्हानं कोणी पडलं तर बघायला दवाखान्यानं तिला पाठवली होती. तिनं माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, शाबास म्हटल्यासारखी.

मग सिफाऊ आली.

सिफाऊ म्हणजे बाजारातली काढेवाली म्हातारी. तापाचा काढा, कंबरेचा काढा, नवऱ्याची दारू सोडवायचा काढा, सगळं बाटल्यांत भरून विकते. माझं आणि तिचं बोलणं कित्येक वर्षं बंद. बाजारात बसायच्या जागेवरून भांडण झालं होतं. तिनं मला जे म्हटलं ते मी विसरले नाही, मी तिला जे म्हटलं ते तीही विसरली नसणार. ती काठी टेकत आंब्याजवळून गेली, कोणाकडे न बघता, आणि थेट गोलपोस्टापाशी जाऊन उभी राहिली. एकटी.

चीफची पोरं लगेच तिच्याभोवती जमली. "आजी, पेन्शनची रांग इथं नाही."

"माहितेय मला."

"आजी, वाट चुकलात का? घरी सोडू?"

"तुझ्या बापाला जुलाब लागले तेव्हा रात्रीची वाट शोधत तुमच्या घरी आले होते मी. दिवसाढवळ्या मैदान चुकीन होय?"

पोरं हसली, पण जरा मागे सरकली. एकानं फोटो फाडायला हात घातला तर तिनं काठी त्याच्या हातावर ठेवली. मारली नाही, नुसती ठेवली. त्यानं हात काढून घेतला.

पक्षानं राजधानीहून पाठवलेला मोजणी अधिकारी आमच्या रांगेवरून बोट फिरवत गेला. दोनशेच्या आत-बाहेर असू आम्ही. मग तो चीफपाशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "तिकडे एक म्हातारी आहे."

"एकटीला काय मोजायचं?" चीफ म्हणाला. "शून्यच ठेवा. आकडा स्वच्छ दिसतो."

मी हाताच्या अंतरावर उभी होते. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की डोळ्यांपुढचं मैदान लाल झालं. सिफाऊ मला आवडत नाही. उद्या ती पुन्हा माझ्या जागेवर टोपली ठेवेल आणि मी पुन्हा तिला शिव्या देईन. पण बाई तिथं उभी होती ना. उन्हात, काठीवर, दोन्ही डोळ्यांना दिसेल अशी. आणि हा म्हणतो, स्वच्छ दिसतो.

मी ओट्याकडे बघितलं. रोंकेला माझा चेहरा पाठ आहे. ती उभी राहिली होती आणि नको, नको अशी मान हलवत होती.

मी गेले. माझ्या नकळत गेले, पायच वळले, असलं काही मी सांगणार नाही. पोरीच्या पोटावर पाय देते आहे हे समजून उमजून गेले.

"रोंकेची आई, कुठे निघालीस?" चीफ ओरडला.

"इथं तुमच्याकडे माणसं जास्त झालीत. तिकडे कमी आहेत."

अख्खं मैदान ओलांडायला किती वेळ लागतो ते त्या दिवशी कळलं. सिफाऊनं मला येताना बघितलं आणि तोंड वाकडं केलं. मी तिच्या शेजारी उभी राहिले तशी म्हणाली, "मागे. रांग माझ्यापासून सुरू होते."

"बरं बाई, तू पुढे."

"आणि धक्का मारू नकोस. बाजारात मारतेस तसा."

मी मागे उभी राहिले. मग आमची शिंपीण लादुन्नी आली. मग मासे विकणाऱ्या दोघी जावा आल्या, एरवी एकमेकींचं तोंड बघत नाहीत त्या. मग मी मोजणं सोडून दिलं. पन्नास-साठ बायका आणि चार-पाच पुरुष, त्यातला एक तर चीफचा चुलतभाऊ. बायकांच्या अंगावर फालोदूनचे चेहरे, आणि उभ्या अडेसिदाबाईच्या मागे. व्हिडिओवाला पोरगा बिचारा गोंधळला, कुठे धरावा कॅमेरा ते त्याला कळेना.

पोरं दांडकी घेऊन आली. आम्ही पुढच्या बाईची कंबर धरली आणि उभ्या राहिलो. दांडकी आपटून आपटून ती दमली, कारण रांगेत त्यांच्याच आया आणि मावश्या होत्या.

"मोजा," मी अधिकाऱ्याला हाक मारली. "साहेब, इकडे या आणि मोजा."

तो आला नाही. आंब्याखाली खुर्चीवर चढला आणि कर्णा तोंडाला लावून म्हणाला, "फालोदून, पाचशे. श्रीमती अडेसिदा, शून्य."

सिफाऊ हसायला लागली, खोकत खोकत. "अगं रोंकेची आई, म्हणजे मी इतका वेळ कोणाशी भांडत्येय?"

अधिकाऱ्याची गाडी गेली, चीफची गेली, आंब्याखालची रांग पांगली. आम्ही गेलो नाही. गेलो असतो तर त्यांचं म्हणणं कबूल केल्यासारखं झालं असतं. ऊन उतरेपर्यंत उभ्या होतो. कोणाकोणाची मुलं पाणी घेऊन आली, पिशवीतली केळी फिरली, लादुन्नीनं गव्हर्नरवर एक चावट गाणं रचलं. इतकं मोकळं मला वीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं, हे सांगायला लाज कसली.

घरी मात्र रोंके दारातच उभी होती.

"म्हातारीची दया आली तुला. माझ्या मुलांची नाही आली?"

"रोंके, ते तिला..."

"ऐकलंय मी सगळं. मला शब्द दिला होतास."

दिला होता. सोमवारी दवाखान्यात तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नका. तिनं पांढरा गणवेश धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवला आणि माझ्या शेजारी येऊन चवळी वाटायला बसली. गिऱ्हाइकांशी गोड बोलायची. माझ्याशी एक अक्षर नाही. मीठ हवं असलं तर मुलाकडून मागून घ्यायची. माझा जीव तुटायचा. रात्री वाटायचं, काय मिळवलंस गं बाई? फालोदून तर उमेदवार झालाच.

असे आठवडे गेले. मग एका सकाळी चीफचा ड्रायव्हर गणियू आमच्या कढईपाशी येऊन बसला. म्हातारा, सज्जन माणूस. असला निरोप आणायला त्यालाच बरं वाटत नव्हतं. अडेसिदाबाईनं पक्षाच्या वरच्या समितीकडे तक्रार केली होती. गोलपोस्टापाशी आपली रांग होती आणि ती मोजलीच नाही, असं तिचं म्हणणं. समिती गावात येणार होती.

"चीफ म्हणतात, झालं ते झालं," गणियू म्हणाला. "तू समितीपुढे एवढंच सांगायचं. गोलपोस्टापाशी कोणीच नव्हतं. तू बायकांची पुढारी, तुझा शब्द ते मानतील. रोंकेला लगेच कायम करतात. आजच्या आज."

मी कढईत बघत होते. आणि खरं सांगते, मी हो म्हणणार होते. माझा राग संपला नव्हता, पण पोरीचं गप्प राहणं मला आता सोसवत नव्हतं. "सांग त्याला," म्हटलं मी, "येते म्हणावं."

रोंकेनं वाटणाचे हात फडक्याला पुसले. उठली, गणियूपुढे आली आणि वडीलधाऱ्या माणसापुढे टेकतात तसे दोन्ही गुडघे जमिनीवर टेकले.

"गणियूकाका, चीफना माझा नमस्कार सांगा. आई येणार नाही."

"पोरी, नीट विचार कर. तुझ्याच नोकरीचं बोलतोय मी."

"नोकरी मला हवीये काका. फार हवीये. आईवर मी चिडलेय, अजून चिडलेली आहे, ते आमचं घरातलं आहे. पण त्या दिवशी मी ओट्यावर होते. ती तिथं होती. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. माझी आई तिथं नव्हतीच, असं तिच्याच तोंडून वदवून मला पगार नको."

गणियूनं कागदात चार वडे बांधून मागितले आणि गेला.

रोंके परत पाट्यापाशी बसली. झारा हातात तसाच धरून मी तिच्याकडे बघत राहिले. तिनं मान वर केली नाही.

"आई," ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघतेस? वडे करपतायत."