राहिलेला रोजा

तस्वाहिनच्या हातांवर पाणी घालताना मुतशरने निम्मं पाणी चटईवरच सांडलं. त्याची बायको गनिया फडकं घेऊन धावली.

"पाहुण्यांना बसायला कोरडी जागा तरी ठेवा," ती पुटपुटली.

"असू दे गं, पाणीच आहे," तस्वाहिन म्हणाली आणि ओले हात बुरख्याला पुसत नीट बसली.

या माणसाबद्दल तिच्या मनात माया दाटून आली होती. सकाळी बसऱ्याहून निघून ती आणि तिचा धाकटा कामिल या नदीकाठच्या खेड्यात पोचले, तेव्हा मुतशर दारातच उभा होता. "या, उम्म हातिम," तो म्हणाला आणि ती उंबऱ्याबाहेरच थबकली. हातिमची आई! या नावाने तिला कुणी हाक मारून वीस वर्षं उलटली होती. हातिमला त्याच्याच फौजेने गोळ्या घातल्या, पोलिसांनी शवपेटी दारात आणून टाकली, दुखवट्याचा मांडव घालायचा नाही आणि रडण्याचा आवाज बाहेर आला तर बघा, असं बजावलं. त्या दिवसापासून शेजारीपाजारी तिला उम्म कामिल म्हणायला लागले. त्यांचं तरी काय चुकलं? जीव सगळ्यांनाच प्यारा असतो. कामिल तेव्हा नुकता चालायला लागला होता. तस्वाहिनने बुरख्याचं टोक दातांत धरलं आणि आवाज न करता हातिमला पुरलं.

गेल्या वर्षी ते सरकार पडलं. ज्यांचे ज्यांचे असे गेले होते ते आता उघड उघड मांडव घालत होते, बायका इतक्या वर्षांचं रडून घेत होत्या. तस्वाहिननेही ठरवलं. पण मयताची गाणी गाऊन बायकांना रडवणारी जी बाई होती, तिने सरळच विचारलं, "शेवटी कसा होता गं तुझा लेक? काय बोलला? जवळ कोण होतं? काहीतरी दे मला. नुसतं 'माझ्या लेकरा, माझ्या लेकरा' म्हणून किती वेळ रडवू?"

आणि द्यायला तिच्याकडे काही नव्हतं. फौजेत गेल्यापासूनचा हातिम तिला ठाऊकच नव्हता.

म्हणून कामिल कामाला लागला. टॅक्सी चालवता चालवता त्याने हातिमच्या फौजी कंपनीतली माणसं हुडकायचा सपाटा लावला. एकाला आठवलं, की हातिम कांदे लपवून ठेवायचा. दुसरा म्हणाला, फार थट्टेखोर होता बघ. तिसरा तासभर बोलला आणि शेवटी कळलं, की तो भलत्याच हातिमबद्दल बोलतोय. अखेर अमारा शहराच्या बाजारात एक जण म्हणाला, "मुतशरला विचारा. शेवटपर्यंत तोच जवळ होता."

येताना वाटेत कामिल म्हणाला होता, "आई, मारणाऱ्यांतला एक जरी माझ्या हाती लागला ना, तर तिथेच आडवा करीन." भाडं किती होईल हे सांगावं तितक्या शांतपणे तो हे नेहमी म्हणायचा. अलीकडे सीटखाली पिस्तूलही ठेवायला लागला होता. दिवसच तसे आहेत, म्हणायचा. एक फौजेने खाल्ला. दुसरा वैरापायी गेला तर तिने कुणाकडे बघायचं? आणि वैर एकदा सुरू झालं, की दोन्हीकडची पोरं संपेपर्यंत थांबत नाही, हे तिने माहेरी डोळ्यांनी पाहिलं होतं.

पण गेला तासभर किती छान गेला! मुतशर सांगत होता, की तो आणि हातिम एकाच घोंगडीत झोपायचे, हातिम बेसूर गायचा आणि कुणी गप्प कर म्हटलं की दुप्पट मोठ्याने गायचा. कामिल हसत होता, मधेच डोळे पुसत होता.

"आणि त्या दिवशी, काका?" त्याने विचारलं.

"लवकर झालं. हाल झाले नाहीत त्याचे."

"तुम्ही होतात?"

"जवळच होतो," मुतशर चटईकडे बघत म्हणाला, आणि उठून हात धुवायचं पाणी आणायला गेला.

आता समोर जेवण मांडलं होतं. मधोमध चिरून निखाऱ्यावर भाजलेला मोठा मासा, तांदळाच्या भाकरी, लोणचं, म्हशीच्या दुधाची साय. गनियाने जीव ओतून केलं होतं.

"थांबा, हातिमचा फोटो गाडीतच राहिला," कामिल उठत म्हणाला. "काकांना दाखवतो आणि मग जेवू. तसं मला काही जेवण जाणार नाही आज." तो चपला घालून बाहेर पडला. गाडी लांब, नदीच्या बांधावर उभी होती.

मुतशर भिंतीला टेकून बसला होता, जेवणापासून चांगला चार हात दूर.

"या ना, तुम्हीही बसा," तस्वाहिन म्हणाली.

"तुम्ही जेवा, उम्म हातिम."

"अहो, चौघांचं वाढलंय गनियाने."

मुतशर जागचा हलला नाही. मान खाली घालून बसून राहिला. तस्वाहिनचा भाकरीकडे गेलेला हात तसाच थांबला.

एखाद्याचं मीठ खाल्लं, की त्याच्यावर हात उचलायचा नाही, एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. बसऱ्याचे टॅक्सीवालेसुद्धा मिठाची शपथ घेतात, कामिलही घेतो. पण घरधनीच पाहुण्यांसोबत घास मोडत नाही तेव्हा काय समजायचं, हे खेड्यातली जुनी माणसं जाणतात. दोन घरांत खून पडलेला असेल, तर पंचांचा निवाडा होईपर्यंत मेलेल्याच्या घरच्या माणसांसोबत जेवायचं नसतं. मारणाऱ्याने मेलेल्याच्या आईसोबत भाकरी खाऊन सुटका करून घ्यायची नसते.

तस्वाहिनने हात मागे घेतला.

"कुणी निवडलं तुम्हाला?" तिने विचारलं. आपला आवाज इतका साधा कसा निघाला, याचं तिलाच नवल वाटलं.

मुतशरने वर पाहिलं. ओळखलं हिने, हे त्याला कळलं.

"साहेबाने. तुकडी हुकमाशिवाय मागे हटली होती. रांगेतून काहींना मारायला काढलं आणि काहींच्या हाती बंदुका दिल्या. ज्याला चालवायची नसेल त्याने समोर जाऊन उभं राहायचं."

"कुणी गेलं?"

"एक गेला. मी नाही गेलो."

बाहेर कुठेतरी म्हैस हंबरली. गनिया आत भांडी लावत होती.

"हातिमने तुला पाहिलं?"

"पाहिलं." मुतशर सांगू लागला. "म्हणाला, मुतशर, तुझ्या नेमाची सगळी कंपनी टर उडवते. आज मात्र चुकू नकोस रे."

"मग?"

"नाही चुकलो."

तस्वाहिनने तोंडावर हात दाबून धरला. हा हातिमच होता. बाप छडीने मारायला लागला, की 'बाबा, आता दुसऱ्या हाताने मारा, हा दमला असेल' म्हणणारा तिचा अवलिया पोर. ज्यासाठी ती वणवण फिरली ते तिला मिळालं होतं आणि मांडवात ते कुणाला सांगायची सोय नव्हती. समोरच्या माणसाचा तिला असा संताप आला, की उठून त्याचं तोंड ओरबाडावं. आणि त्याच्याशिवाय जगात दुसरं कुणी नव्हतं, ज्याने हातिमचं ते शेवटचं बोलणं ऐकलं असेल आणि जपून ठेवलं असेल.

"मुलाला सांगायचं तर सांगा," मुतशर हळूच म्हणाला. "निवाडा मागा, नाहीतर जे कराल ते. मी कुठे जात नाही. इथेच असतो."

बांधावर गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. चपला जवळ येऊ लागल्या.

कामिल आत आला. त्याने फोटो मुतशरच्या हातात दिला. मुतशरने तो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ बघत राहिला.

"असाच होता," तो म्हणाला.

कामिलचे डोळे पुन्हा भरले. त्याने खाली बसून भाकरीचा मोठा तुकडा मोडला आणि मुतशरपुढे धरला.

"या काका, सोबत बसा. तुम्ही त्याच्या घोंगडीत झोपलेले. तुम्ही जेवल्याशिवाय आम्ही कसे जेवणार?"

मुतशरने तो तुकडा घेतला नाही. त्याने तस्वाहिनकडे पाहिलं.

"त्यांना आग्रह करू नकोस," तस्वाहिन म्हणाली. "त्यांचा रोजा आहे."

"आता कसला रोजा? रमजान कधीच संपला."

"राहिलेला असेल. राहिलेले नंतर धरावेच लागतात."

"हो बेटा," मुतशर म्हणाला. "राहिलेला आहे."

गनिया चहाचं तबक घेऊन दारात आली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, पाहुणीकडे पाहिलं. मग तबकातला त्याच्या वाटचा पेला उचलून ती मुकाट्याने आत घेऊन गेली.

"मग आई, आपणही निघू या," कामिल हातातला तुकडा खाली ठेवत म्हणाला. "उपाशी माणसासमोर काय जेवायचं? आणि मला भूकही नाही."

"बस खाली."

"अगं, खरंच नाही."

"बस म्हटलं ना."

कामिल बसला. तस्वाहिनने माशाचा पोटाकडचा मऊ भाग काढला, काटे वेचून बाजूला ठेवले, घास भाकरीत गुंडाळला. एकही काटा तिने राहू दिला नाही.

"आणि तू?" कामिलने विचारलं.

"माझाही रोजा आहे."

"तुझा? आई, सकाळी पेट्रोल पंपावर तू माझ्यासमोर चहा प्यालीस."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग भिंतीशी बसलेल्या मुतशरकडे वळू लागला. तस्वाहिनने दुसऱ्या हाताने त्याची हनुवटी धरली आणि चेहरा आपल्याकडे फिरवला.

"खा," ती म्हणाली. "माझ्यासाठी खा. पोटभर खा."

टॅक्सी चालवणाऱ्या, दाढीमिश्या आलेल्या त्या पोराने लहान मुलासारखं तोंड उघडलं, आणि तिने घास भरवला. तो चावून गिळेपर्यंत, त्या घरचं मीठ पोटात उतरेपर्यंत, तिने हनुवटी सोडली नाही. मग ती दुसरा घास करायला वळली.