खुर्चीच्या पोटातलं विष

“निघालं! काळं निघालं!” हॉलभर गलका झाला. समोरच्या टेबलावर आडव्या पडलेल्या बाईच्या पोटावर पांढरं कापड पसरलं होतं. कापडवाली माई त्यावर मंतरलेलं पाणी शिंपडत होती, आणि थेंब पडेल तिथे कापड काळं पडत होतं.

“वर्षानुवर्षांचं विष बाहेर आलं गं बायांनो! आता सुई नको, गोळी नको. तीन महिने माझं पथ्य, की पाळणा हललाच म्हणून समजा!”

पुढचा नंबर माझ्या थोरल्या बहिणीचा. ती पोट दाबून बसली होती. तिला एंडोमेट्रिओसिस आहे. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर, बीजकोषांवर वाढतो. सकाळीच पाळी आली होती, म्हणजे उद्यापासून आयव्हीएफची इंजेक्शनं. आणि ही बया तिला तीन महिने थांबवणार!

“ताई, बीजं आधीच कमी उरलीत, वेळ दवडू नका, असं डॉक्टरबाई म्हणाल्या ना?”

“त्यांनी खात्री दिली का?” ती फणकारली. “बीजं कमी मिळतील, कदाचित पुन्हा करावं लागेल. सगळं कदाचित! ही बघ कशी छातीठोक सांगते.”

मी बारा वर्षं कापड रंगवायच्या कारखान्यात आहे. पांढरं म्हणून आलेलं कापड खरंच पांढरं आहे का, ते मी आधी बघते. माईचं नव्हतं. किंचित पिवळट, भिजवून वाळवल्यावर होतं तसं कडक. माझ्याने बसवेना. मी उठले, तिच्या गठ्ठ्यातलं एक कापड ओढून रिकाम्या खुर्चीवर पसरलं आणि तिच्या मंतरलेल्या पाण्याचा तांब्या त्यावर उपडा केला.

कापड काळंकुट्ट झालं.

“अगंबाई, खुर्चीलाही मूल होत नाही वाटतं!” मागून एक आजी म्हणाल्या, आणि सगळा हॉल हसला.

“श्रद्धा नाही, म्हणून उलटलं!” माई किंचाळली. मी सांगितलं, कापड आधी तुरट पाण्यात भिजवून वाळवायचं. चहात असतो तोच तुरटपणा. त्यावर लोखंडाचा क्षार विरघळवलेलं पाणी पडलं की काळा रंग धरतो. आमच्याकडे असे गठ्ठेच्या गठ्ठे निघतात, मंत्र कुणी म्हणत नाही.

ताई मात्र हसली नाही. जिन्यात येऊन ती रडायलाच लागली. “शाळेपासून दुखतंय मला. आई म्हणायची, सगळ्यांनाच दुखतं. तू म्हणायचीस, नाटकं करते. ‘पोरी, किती सोसलंस,’ असं पहिल्यांदा त्या माईने म्हटलं गं.”

“चुकलं माझं, ताई,” मी म्हणाले. “उद्या इंजेक्शनला मी सोबत येते.”

दुसऱ्या दिवशी इंजेक्शनं सुरू झाली. पुढे पाच बीजं मिळाली, गर्भ एकच तयार झाला. तो रुजेल का, विचारलं तर डॉक्टरबाई अजूनही ‘सांगता येत नाही’ म्हणतात. खरं बोलणाऱ्याला तेवढंच सांगता येतं, आणि त्याच उत्तरावर आम्ही रोज दिवस ढकलतो आहोत.

तुमच्या घरात एखादी पोर दर महिन्याला पोट धरून बसत असेल, तर सगळ्यांनाच दुखतं म्हणून तिला गप्प करू नका. डॉक्टरांकडे न्या. माईचं पितळ मी एका तांब्यात उघडं पाडलं, पण ताईला तिच्या दारापर्यंत आम्हीच पोचवलं होतं.