दुपारी तीनची रात्र

१९४६ साली सांगलीत प्रभावतीने पियानोचा कार्यक्रम ठरवला. आधी एक नॉक्टर्न, मग एक सोनाटा, अशा तीन जोड्या; वेळ दुपारी तीन. नॉक्टर्न म्हणजे रात्रीचं संगीत, हे तिने प्रामाणिकपणे सांगितलं आणि तिथेच घोटाळा झाला. हॉल तिच्या जयपालकाकांचा आणि काका गाण्याचे कडक दर्दी.

"रातीची चीज भर दुपारी? माज्या हॉलात न्हाई चालायची. निस्ता सोनाटा वाजीव."

"दोन्ही वाजवणार."

"पर रात कुठाय?"

प्रभावती उठली. अकराही खिडक्या तिने स्वतः लावल्या आणि म्हणाली, "झाली."

काकांना यात नियमाची खोट सापडेना. ते बसले. नॉक्टर्न संपला की ती खिडक्या उघडायची, सोनाटा संपला की लावायची. दीड तासात आमचे तीन दिवस गेले.

तिसऱ्या रात्री काका घामाने निथळत होते. "प्रभे, लय उकडतंय गं. पाणी तरी मागव."

जैन व्रत म्हणून सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब न घेणारे आमचे काका! प्रभावतीने पट्ट्यांवरची बोटं उचललीसुद्धा नाहीत.

"काका, रात हाय. पाणी उजाडल्यावर, सोनाट्यात."